‘गाडी बंदच होती, म्हणून विमा भरला नाही’

नाशिकच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. वय ३७, सातपूरच्या कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ५८,०००. पत्नी घरी शिकवण्या घेतात, मुलगी आठ वर्षांची. चारातली तीन पानं त्यांच्या २०१२च्या पेट्रोल वॅगनआरने व्यापली आहेत. ती पानं मी थोडक्यात सांगते.

उन्हाळ्यात ठाण्याचं लग्न आटोपून परतताना कसारा घाटात तापमानाचा काटा वर टेकला. ‘घर आलंच की आता’ म्हणत, थांबत थांबत, बाटलीतलं पाणी ओतत त्यांनी गाडी पाथर्डी फाट्यापर्यंत आणली. सकाळी ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल चहासारखं दुधाळ. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, गेलं होतं. गॅरेजवाल्याने १८,००० सांगितले. तेवढ्यात हत्यारं येतील आणि ती जन्मभर राहतील, असा विचार करून यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच इंजिन उघडलं.

पहिला रविवार पाणी काढण्यात आणि होज सोडवण्यात गेला. दुसरा, टायमिंग चेनच्या कव्हरचा एक लपलेला बोल्ट शोधण्यात. तिसऱ्या रविवारी हेड निघालं, पॉलिश पेपरने घासलं, नवं गॅस्केट बसवलं. बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना नव्हता, म्हणून ते हाताच्या अंदाजाने आवळले. त्यात एकाचे आटे गेले. चौथ्या रविवारी गाडी सुरू झाली, तेव्हा पार्किंगमधल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ‘ताई, पगारवाढीचाही एवढा आनंद झाला नव्हता,’ असं ते लिहितात. पुढच्या रविवारी मुलीला शेजारी बसवून महामार्गावरून विल्होळीपर्यंत ट्रायल घेतली. परतताना बॉनेटमधून वाफ. मग रेडिएटर बदलला, वॉटर पंप बदलला, पंख्याचा रिले बदलला, दुसरं गॅस्केट घातलं. रेडिएटरमध्ये बुडबुडे अजून येतातच. आतापर्यंत ३१,००० गेले, सगळे क्रेडिट कार्डावर. गाडी आता कव्हरखाली आहे.

प्रश्न असा: आणखी एकदा स्वतः बघू का? गॅरेजला द्यायची तर आता ते २६,००० मागतात. की आहे तशी ३५,०००ला विकून, ५ लाखांचं कर्ज काढून सेकंडहँड गाडी घेऊ?

आधी याचं उत्तर. गॅरेजला द्या.

माझ्या गाडीचं काम पाहणाऱ्या मिस्त्रींना मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, ‘हेड लेथवर नेलं होतं का?’ तुमच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. तापल्यावर गाडी तशीच चालवली की ते वाकतं. डोळ्यांना काही दिसत नाही. सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवलं की कळतं. वाकलेल्या हेडखाली कितीही नवी गॅस्केटं घातली तरी ती टिकणार नाहीत. ते लेथवर फेस, म्हणजे सपाट, करून घ्यावं लागतं आणि मग बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या टॉर्कलाच आवळावे लागतात. रेडिएटर, पंप, रिले हे सगळं तुम्ही अंदाजाने बदललंत. मेहनतीत तुम्ही कुठेच कमी पडला नाहीत. पण दोष न शोधता भाग बदलत गेलात.

पैशांचा हिशेब सोपा आहे. ३१,००० गेले, ते आता कुठल्याच बाजूला धरायचे नाहीत. तुमच्याच सोसायटीतली तुमच्या मॉडेलची चालू गाडी १ लाख २० हजारांना गेली, असं तुम्हीच लिहिलंय. बंद गाडीचे ३५,०००. म्हणजे २६,००० घातले की गाडीची किंमत ८५,०००ने वाढते. अंदाजपत्रक लेखी घ्या आणि सांगून ठेवा की हेडला तडा निघाला किंवा ब्लॉकचे आटे नवे करता येत नसले, तर काम थांबवून आधी फोन करायचा. खर्च ४०,०००च्या वर जाणार असेल तर विका. विकलीत तर आरटीओत नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. कागदावर तुमचं नाव असेल तर अपघाताची भरपाई तुमच्यावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. आणखी एक खर्च डोक्यात ठेवा: २०२७मध्ये नोंदणीला १५ वर्षं होतील, तेव्हा तपासणी, ५,००० रुपये नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर येईल. तरीही हे सगळं मिळून कर्जाच्या जवळपास जात नाही. ५ लाख, साडेअकरा टक्के, पाच वर्षं: हप्ता ११,०००, एकूण परतफेड ६ लाख ६० हजार. तो विचार सोडून द्या.

गाडीचं एवढंच. आता तिसऱ्या पानावर शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात त्या वाक्याकडे येते: ‘गाडी बंदच होती, म्हणून या वर्षी विमा भरला नाही. तेवढेच पैसे वाचले.’

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. कारण आदल्याच पानावर तुम्ही हीच गाडी मुलीला घेऊन महामार्गावर नेलेली आहे. ब्लॉकमधल्या एका बोल्टचे आटे गेलेले, इंजिन कधीही बंद पडेल अशी अवस्था, शेजारून ट्रक, आणि थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा विमा, नाही. पकडलं असतं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला भीती वाटते ती त्याची नाही.

समजा, त्या दिवशी गाडी अचानक बंद पडून मागचा दुचाकीस्वार आदळला आणि गेला. वय ३०, कमाई महिना २५,०००, मागे बायको आणि दोन मुलं. दोष तुमचा ठरला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं ते बघा. वर्षाचे ३ लाख. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ४ लाख २० हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, उरले २ लाख ८० हजार. या वयाला ठरलेला गुणक १७, म्हणजे या रकमेची १७ पट. झाले साडेसत्तेचाळीस लाख, वर व्याज. विमा असता तर हे विमा कंपनीने भरले असते. मृत्यू आणि दुखापतीच्या भरपाईला थर्ड पार्टी विम्यात वरची मर्यादाच नसते. विमा नसेल तर तुम्ही भरायचे. त्यासाठी घरावरही जप्ती येऊ शकते.

हे टाळण्याचा वर्षाचा खर्च किती? तुमची गाडी हजार सीसीच्या आतली, म्हणून जीएसटी धरून अडीच हजारांच्या आसपास. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा जोडलात तर आणखी काहीशे. विमा संपून ९० दिवस उलटले म्हणजे नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, जाऊ दे. एवढ्या जुन्या गाडीला नुसता थर्ड पार्टी पुरतो आणि तो आज रात्री फोनवरून काढता येतो.

आता चौथं पान. अडीच हजार वाचवणारे तुम्हीच दरवर्षी ९६,००० रुपये दुसऱ्या एका ‘विम्याला’ भरताय. मेव्हण्यांनी दिलेली मुलीच्या शिक्षणाची पॉलिसी. १२ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षाअखेर २३ लाख मिळणार. ‘पैसे दुप्पट, तेही गॅरंटीड, वर विमा, वर टॅक्सची बचत.’

एकेक घेऊ. दुप्पट म्हणजे ११ लाख ५२ हजारांचे २३ लाख, पण वीस वर्षांत. व्याजदर पाच टक्क्यांच्या आत येतो. हेच ९६,००० बारा वर्षं पीपीएफमध्ये टाकून वीस वर्षं राहू दिले असते, तर आजच्या ७.१ टक्के दराने ३२ लाख झाले असते. ९ लाखांचा फरक, आणि पीपीएफलाही सरकारची हमी आहे. टॅक्सचं म्हणाल तर तुमच्या पगाराला नव्या करप्रणालीत कर शून्यच आहे. १२ लाख ७५ हजार पगारापर्यंत तो लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कसा? एवढी साधी गोष्ट विकणाऱ्याला माहीत नसेल तर त्याने विकू नये, आणि माहीत असून सांगितली नसेल तर ते त्याहून वाईट.

आणि विमा? रक्कम ९ लाख ६० हजार. तुमच्या गृहकर्जाचे १६ लाख बाकी आहेत. उद्या तुम्हाला काही झालं, तर ही पॉलिसी घरही सोडवून देणार नाही, मुलीचं शिक्षण लांबच. आणि तुम्ही काय लिहिलंय? ‘नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरलो.’ स्टँड न लावता! वॅगनआर हलकी गाडी आहे असं कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. जॅक घसरला तर माणूस वाचत नाही.

या वयात, तंबाखू-सिगारेट नसेल, तर ७५ लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वर्षाला साधारण १२ ते १५ हजारांत मिळतो. २२ सप्टेंबर २०२५पासून त्यावर जीएसटीही नाही. हप्ते परत करणारा प्रकार कुणी पुढे केला तर नको म्हणा. तब्येतीचं सगळं खरं लिहा, जुना बीपी असेल तर तोही.

जुन्या पॉलिसीचं काय? तीन हप्ते भरलेत, २ लाख ८८ हजार. इथे माझा सल्ला तुम्हाला कदाचित अपेक्षित नसेल: सरेंडर करू नका, म्हणजे मोडून पैसे परत घेऊ नका. तीन वर्षांनंतर हमखास मिळणारं मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के, म्हणजे लाखभर. त्याऐवजी पुढचे हप्ते बंद करून ती पेड-अप करा. बारातले तीन हप्ते भरले, म्हणून २३ लाखांचे साधारण पावणेसहा लाख मुदतीनंतर मिळतील. आज लाख रुपये हातात घेण्यापेक्षा हे बरं. कंपनीकडून दोन्ही आकडे लेखी मागवा. सरेंडरचे दोन लाखांच्या वर देत असतील तर मला पुन्हा लिहा, कारण मग उत्तर बदलू शकतं. पॉलिसी चालूच ठेवली तर? इथून पुढे भरायच्या पैशांवर जेमतेम पाच ते साडेपाच टक्के सुटतात. त्यासाठी ९६,००० अडकवणं तुम्हाला परवडणारं नाही.

का परवडणारं नाही, ते कार्डावर दिसतंय. हत्यारं, सुटे भाग आणि आधीचं मिळून ७४,००० थकलेत आणि तुम्ही दरमहा ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कमच, भरताय. साडेतीन टक्के महिना म्हणजे २,६०० व्याज, त्यावर जीएसटी, झाले ३,०५०. तुम्ही भरता ३,७००. मुद्दलातून महिन्याला ६५० रुपये कमी होतात. वर्षाला बेचाळीस टक्क्यांनी कर्ज फेडताय आणि पाच टक्क्यांच्या योजनेत वेळेवर पैसे भरताय. पॉलिसीचा एकही हप्ता चुकला नाही असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. तीच शिस्त कार्डाच्या वाट्याला आली असती, तर आज गॅरेजचे २६,००० हा चार पानी पत्राचा विषय झालाच नसता.

तुम्ही कंपनीच्या कामगार पतसंस्थेचे सभासद आहात, तिथे १२ टक्क्यांनी कर्ज मिळतं. ७४,००० घेऊन कार्ड एका फटक्यात मोकळं करा. दोन वर्षांचा हप्ता ३,५००, म्हणजे आज भरताय त्याहून कमीच. कार्ड घरी कपाटात ठेवा.

पुढच्या हप्त्यासाठी दरमहा ८,००० टाकून रिकरिंगमध्ये ४८,००० जमवलेत, ते मोडा. अडीच हजार गाडीच्या विम्याला, चौदा हजारांच्या आसपास टर्म विम्याला, २६,००० गॅरेजला. उरलेले साडेपाच हजार बँकेतल्या २२,०००ला जोडा. पुढचे बारा महिने ते ८,००० वेगळ्या बचत खात्यात टाका. सव्वा लाखाची गंगाजळी उभी राहील. ती होईपर्यंत म्युच्युअल फंडाचं नावही काढू नका. पत्रात ‘एसआयपीत १५ टक्के तर मिळतातच ना?’ असं विचारलंय. तर मिळतातच असं काही नसतं.

मुलीचं सुकन्या समृद्धी खातं मात्र आत्ता, २५० रुपयांत का होईना, पोस्टात उघडून ठेवा. दहा वर्षांची झाली की ते उघडता येत नाही आणि आज त्यावर ८.२ टक्के आहेत. गंगाजळी झाली की दरमहाचे पैसे तिकडे वळवा. अठराव्या वर्षानंतर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते.

मेव्हण्यांना फोन तुम्हीच करा, पत्नीला करायला लावू नका. ‘कर्ज फेडायचंय, हप्ते बंद करतोय’ एवढंच सांगा. त्यांनी बदली म्हणून दुसरी पॉलिसी सुचवली तर ऐकून घ्या आणि सही करू नका.

हत्यारं विकू नका. ऑइल, फिल्टर, प्लग, बॅटरी ही कामं तुम्ही घरी नक्की करू शकता. ज्या माणसाने टायमिंग चेनचं कव्हर एकट्याने उतरवलं त्याला ते जमेल. त्याआधी दोन चांगले जॅक स्टँड घ्या, रोखीने. आणि गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. तेही थर्ड पार्टीची पॉलिसी फोनवर आल्यानंतर.