नवीन बेडूक अजून सापडतायत कसे?

प्रश्न: बेडूक कमी होत चाललेत असं सगळीकडे वाचतो, आणि पेपरात दर पावसाळ्यात 'नवीन बेडूक सापडला' अशी बातमी असते. दोन्ही खरं कसं? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: दोन्ही खरंच आहे हो. १९८५ च्या जागतिक यादीत उभयचरांच्या (म्हणजे बेडूक आणि त्यांच्यासारखे पाण्यात-जमिनीवर राहणारे प्राणी) साधारण ४ हजार जाती होत्या, आज ८ हजारांच्या वर गेल्यात, आणि दरवर्षी शंभरेक तरी नवीन जोडल्या जातात. पण म्हणजे बेडूक वाढले असं नाही, आपले डोळे आणि कान सुधारले. आधी दोन बेडूक दिसायला सारखे की एकाच नावाखाली बसायचे, आता डीएनए तपासतात, रात्री ओढ्यावर बसून नराचा आवाज रेकॉर्ड करतात आणि मग कळतं की अरे हे तर वेगळेच. २०१४ मध्ये सह्याद्रीतल्या 'नाचणाऱ्या' बेडकांच्या एकदम १४ जाती अशाच पुढे आल्या, बेडकांचे अभ्यासक डॉ. एस. डी. बिजू आणि त्यांच्या टीमचं काम. केरळातल्या जांभळ्या फुगीर बेडकाची शास्त्रीय नोंद २००३ ची, तो वर्षभर जमिनीखाली, वर येतो तो थोडेच दिवस, त्याचे जवळचे नातेवाईक थेट सेशेल्स बेटांवर!

तुमच्या जवळचंच सांगतो, आंबोलीच्या जांभ्याच्या सड्यावरचा (खडकाळ पठारावरचा) वाघासारख्या पिवळ्या पट्ट्यांचा भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक. त्याला शास्त्रीय नाव मिळालं २००९ मध्ये, आणि तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. जगातल्या दर ५ उभयचरांपैकी २ जाती धोक्यात आहेत, त्यामुळे पावसात घाटातून गाडी चालवताना रस्त्याकडे नीट बघा प्लीज.