खिळ्यांच्या गर्दीत अंगठी

प्रश्न : जुनं घर पाडलेल्या जागेत परवा सोन्याची अंगठी पडली. मेटल डिटेक्टरची ११ इंची कॉइल (जमिनीवर फिरवायची चकती) खिळ्यांवरच ओरडते. ६ इंची घ्यावी का?

उत्तर : घ्या, पण तुमच्याच मॉडेलची, नुसता प्लग बसला म्हणजे चालेलच असं नाही. मोठ्या कॉइलखाली एकदम चार खिळे येतात आणि अंगठीचा आवाज दबतो. लहान कॉइल खोलवर पोचत नाही, पण परवा पडलेली अंगठी वरच असणार. कॉइल जमिनीलगत, सपाट आणि सावकाश फिरवा. प्रत्येक फेरीत आधीचा निम्मा पट्टा पुन्हा येऊ द्या. केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, लोंबली की खोटे आवाज येतात. डिटेक्टर ‘फॉइल’ (पातळ धातूचा कागद) म्हणून दाखवतो ते संकेत गाळू नका, बारीक सोनं तिथेच वाजतं. आधी तशीच अंगठी खिळ्याशेजारी ठेवून आवाज ऐकलात तर उत्तम.