‘देशी ज्ञान’ की ‘आदिवासींचे पारंपरिक ज्ञान’?

मुंबईतील एका महाविद्यालयाच्या शिक्षिकेने विचारले आहे: ‘९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनासाठी आम्ही एक प्रदर्शन मांडत आहोत. त्यात आरेतील पाड्यांची आणि कोळीवाड्यांची माहिती असेल. “इंडिजिनस ट्रॅडिशनल नॉलेज” याचे मराठी आम्ही “देशी पारंपारिक ज्ञान” असे केले असून “देशी पारंपारिक ज्ञानाचे जतन व सन्मान” असा मथळा ठरवला आहे. तो योग्य आहे का?’

लेखनाची दुरुस्ती आधी सांगतो. ‘पारंपारिक’ नव्हे, ‘पारंपरिक’. ‘इक’ प्रत्यय लागताना शब्दातील पहिल्याच स्वराची वृद्धी होते. समाजापासून सामाजिक, व्यवहारापासून व्यावहारिक, तसे परंपरेपासून पारंपरिक. चुकीचे रूप सरकारी फलकांवरही सर्रास दिसते, म्हणून ते डोळ्यांना खटकेनासे झाले आहे.

‘देशी’ हा शब्द मात्र मी या मथळ्यात अजिबात ठेवणार नाही. मराठीत देशी म्हणजे परदेशी नसलेले, आपल्या देशातले. एकोणिसाव्या शतकातील लेखक ज्याला ‘एतद्देशीय’ म्हणत, तोच हा भाव आहे. त्या अर्थाने आयुर्वेदही देशी, पैठणीही देशी आणि शिंपल्याच्या चुन्याचा गिलावाही देशीच. मूळ इंग्रजी संज्ञेचा रोख देशाकडे नाही, विशिष्ट भूमीशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या समाजाकडे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी मंजूर केलेल्या, अशा समाजांच्या हक्कांविषयीच्या जाहीरनाम्याच्या ३१व्या अनुच्छेदात आपले पारंपरिक ज्ञान राखण्याचा, त्यावर नियंत्रण ठेवण्याचा आणि ते विकसित करण्याचा हक्क त्यांचा असल्याचे म्हटले आहे. तो हक्क कोणत्याही देशाला दिलेला नाही.

हा भेद किती खोल जातो, ते हळदीच्या उदाहरणावरून कळते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ही लढाई जिंकता आली, कारण हा वापर पूर्वीपासून ज्ञात असल्याचे लेखी पुरावे दाखवता आले. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचे जे अंकीय ग्रंथालय उभे करायला सुरुवात झाली, त्याचा आधारही मुख्यतः आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध यांचे ग्रंथच आहेत. वारली भगताला ठाऊक असलेली मुळी किंवा पाड्यावरच्या सुईणीचा हात कोणत्याही ग्रंथात नाही. जैविक विविधता अधिनियमात २०२३ साली दुरुस्ती झाली, तेव्हा ‘संहिताबद्ध’ पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपाच्या, म्हणजे ज्ञानाच्या वापरातून होणाऱ्या फायद्याचा वाटा ते राखणाऱ्यांना देण्याच्या, काही तरतुदींतून सूट मिळाली. म्हणजे ग्रंथात असलेले आणि तोंडी चालत आलेले यांतला फरक आता कायद्याच्या भाषेतही आहे. दोहोंना ‘देशी ज्ञान’ या एकाच शब्दाखाली घातले, की ग्रंथ नसलेल्या समाजाचा वाटा नेमका तिथेच दिसेनासा होतो.

मग पर्याय कोणता? ‘मूलनिवासी’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, परंतु महाराष्ट्रात बहुजन चळवळीने तो निराळ्या आणि अधिक व्यापक अर्थाने रूढ केला आहे. फलकावर तो वाचणारा तोच अर्थ घेईल. ‘आदिवासी’ हा शब्द सर्वांत योग्य आहे. मात्र आपल्या प्रदर्शनात कोळीवाडेही आहेत, ही अडचण इथे येते. महादेव कोळी आणि मल्हार कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, तर मुंबईच्या किनाऱ्यावरचे सोनकोळी त्या यादीत नाहीत. ते स्वतःला या बेटांचे मूळ रहिवासी म्हणतात. म्हणून सर्वांसाठी एक विशेषण शोधण्यापेक्षा षष्ठीचा प्रत्यय लावून समाजाचे नाव घ्यावे: वारल्यांचे ज्ञान, सोनकोळ्यांचे ज्ञान. ‘देशी’ किंवा ‘पारंपरिक’ म्हटले, की ज्ञान कोणाच्याही मालकीचे नसल्यासारखे मोकळे सुटते. ‘चे’ लावला, की ते कोणाला विचारून घ्यायचे हे ठरते. २००६च्या वनहक्क कायद्यानेही जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा हक्क समुदायाचा मानला आहे.

आपण विचारलेले नाही, परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते ‘ज्ञान’ या शब्दाविषयी. मथळ्यात ‘ज्ञान’ लिहायचे आणि खालच्या मजकुरात ‘कोळी लोकांची अशी समजूत आहे’, ‘आदिवासींची श्रद्धा आहे’ असे लिहायचे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. भरतीच्या वेळेचाच हिशेब पाहावा. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते आणि पाऊण तास हे त्याच्या जवळ जाणारे, तोंडी करता येणारे माप आहे. पंधरवड्याच्या शेवटाकडे थोडी तफावत पडते, पण पौर्णिमा-अमावास्येची भरती बाराच्या आसपास येते हे ठाऊक असल्याने हिशेब पुन्हा जागेवर बसतो. अष्टमीच्या सुमारास पाण्याची ओढ कमी असते, तो ‘भांग’. पौर्णिमा-अमावास्येला ती जोरात असते, ते ‘उधाण’. ओढीच्या जोरावर भरणारी डोल जाळी कोणत्या दिवसांत लावून फायदा आहे, हे नाखवा, म्हणजे होडीचा प्रमुख, यावरूनच ठरवतो. याला समजूत म्हणता येत नाही. मराठीत याला ‘आडाखा’ हा नेमका शब्द आहे, कारण त्यात निरीक्षण आणि हिशेब दोन्ही येतात.

शब्द चुकला, की निर्णयही चुकतात. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या (कोस्टल रोडच्या) पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवायचे होते, तेव्हा वरळी कोळीवाड्याच्या मच्छीमारांनी वारा आणि पाण्याची ओढ असताना तेवढ्या जागेतून होड्या सुरक्षित जाणार नाहीत असे सांगितले. त्यासाठी त्यांना दीर्घकाळ भांडावे लागले आणि अखेर ते अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. त्या काळातील चर्चेत ‘मच्छीमारांची भीती’, ‘मच्छीमारांच्या भावना’ असेच शब्द पुन्हा पुन्हा येत होते. तो त्या पाण्याचा त्यांचा अभ्यास होता आणि तसेच म्हणायला हवे होते.

पाड्यांविषयी लिहिताना पदार्थाबरोबर कृतीही लिहावी. पहिल्या पावसाच्या सुमारास उपनगरांतल्या बाजारांत आदिवासी बायका शेवळे ही रानभाजी घेऊन बसतात आणि शेवळांच्या जुडीबरोबर हिरवी, आंबट काकडेही (काकडाच्या झाडाची फळे) देतात. शेवळाने घशाला खाज सुटते, म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडांचा रस घालायचा. आपण नुसती ‘रानभाजी : शेवळे’ अशी चिठ्ठी लावली, तर वनस्पतीचे नाव कळेल, पण ती खाण्याजोगी कशी करायची हे त्या बाईचे ज्ञान चिठ्ठीबाहेर राहील.

आता ‘जतन व सन्मान’. ‘जतन’ हा शब्द ‘यत्न’ या संस्कृत शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ चांगलाच आहे, परंतु आज आपण तो मुख्यतः हस्तलिखिते, नाणी, जुन्या इमारती अशा न बदलणाऱ्या वस्तूंसाठी वापरतो. वापरात असलेले, दर पिढीत थोडे बदलणारे ज्ञान त्यात बसवले, की ते संपत आलेले आहे असा सूर लागतो. ‘संवर्धन’ म्हणावे, तर वाढवणारे आपण आहोत असे ध्वनित होते. ‘सन्मान’ म्हटले, की शाल-श्रीफळाचा समारंभ डोळ्यांसमोर येतो. मला ‘राखणे’ हे क्रियापद सुचवायचे आहे. शेत राखतात, गुरे राखतात, देवराई राखतात, आणि मान, बूज, शब्दही राखतात. सांभाळणे आणि आदर करणे या दोन्ही क्रिया मराठीने या एका धातूत ठेवल्या आहेत. याच धातूचा ‘राखीव’ हा शब्द आदिवासींच्या वाट्याला फार कठोरपणे आला, कारण १८७८च्या वन कायद्यानंतर ‘राखीव’ झालेल्या जंगलांतून, ती राखणाऱ्यांचेच हक्क गेले. तरीही मी ‘राखण’ सोडणार नाही. कोणापासून राखायचे आणि कोणी राखायचे, हा प्रश्न तो शब्द आपोआप उभा करतो. मथळा असा करता येईल: ‘आदिवासी आणि कोळी समाजांचे पारंपरिक ज्ञान : त्याची राखण, त्याचा मान’.

आणखी एक शब्द आपल्याला लागणारच आहे. पाड्यांवर आणि कोळीवाड्यांत विद्यार्थी माहिती घ्यायला जातील, चित्रफिती काढतील, तेव्हा अर्जावर ‘परवानगी’ न लिहिता ‘संमती’ लिहावे. परवानगी बहुधा वरून मिळते आणि एकदा सही झाली की संपते. संमती देणारा अटी घालू शकतो आणि ती मागेही घेऊ शकतो. ‘फ्री, प्रायर अँड इन्फॉर्म्ड कन्सेंट’ याचा ‘मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती’ असा जो शब्दशः अनुवाद कागदपत्रांत आढळतो, तो वाचून कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी अर्जात सरळ लिहावे: ‘ही माहिती कशासाठी घेतली जात आहे, ती कोठे दाखवली जाईल आणि त्यातून कोणाला काय मिळेल, हे मला आधी माझ्या बोलीत सांगितले आहे, दबाव न येता मी ती देत आहे, आणि यातील जे सांगायचे नाही ते मी सांगितलेले नाही.’ शेवटचा भाग वगळू नये. भगताच्या औषधांपैकी काही फक्त शिष्यालाच सांगायची असतात आणि ती फलकावर न येणे हासुद्धा त्यांचा मान राखण्याचाच भाग आहे.