मंडळाच्या नव्या खजिनदारासाठी

अभिनंदन, आणि घाबरू नका. अमेरिकेतल्या छोट्या मंडळाचा हिशेब ठेवायला सीए असावं लागत नाही. पहिल्या वर्षी एवढं सांभाळा:

- मंडळाचा पैसा स्वतःच्या खात्यातून एकदाही फिरवू नका. नवे लोक इथेच चुकतात.
- करमुक्त मंडळाची वर्षाची एकूण जमा साधारणपणे ५०,००० डॉलरच्या आत असेल तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) दरवर्षी फॉर्म ९९०-एन, म्हणजे छोट्या संस्थांसाठीची ऑनलाइन सूचना, भरा. काम छोटं आहे, पण सलग ३ वर्षं भरायचं राहिलं की करमुक्त दर्जा आपोआप जातो. समिती बदलताना हेच निसटतं, म्हणून लॉगिन आणि तारखा आजच लिहून ठेवा.
- गणपतीनंतरची शिल्लक उधळू नका. दिवाळीच्या हॉलचं डिपॉझिट त्यातूनच जातं.

अनुदानं, गुंतवणूक नंतर बघू. आधी मागच्या खजिनदारांकडून बँकेची स्टेटमेंट्स मागून घ्या.