इतिहासवाल्यांना इंटर्नशिप कोण देणार?

दरवर्षी कॉलेजं सुरू झाली की माझ्याकडं समुपदेशनाला खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बी.ए.ला इतिहास घेतलेली पोरं येतात आणि वाक्य तेच, "मॅडम, इंजिनिअरिंगवाल्यांना इंटर्नशिप मिळत्यात, आम्हाला कोण घेणार, सगळं पुण्या-दिल्लीत." म्हणून एकीचं सांगते. ओळख बदललीय, चार महिन्यांच्या भेटी चार बोलण्यांत बसवल्यात.

खानापूर तालुक्यातली, दुसऱ्या वर्षाला. रात्री झोप नाही, वडलांचा लकडा की बी.एड. करून मोकळी हो. म्हणाली, "मला कुणी घेणार नाही मॅडम. इंग्लिश कच्चं, ओळख कुणाची नाही."

"किती जणांना विचारलंस?"

"कुणालाच नाही."

"मग तुझ्या म्हणण्याला साधन काय?"

एकदम गप्प झाली. इतिहासात साधन म्हणजे काय हे तिला पक्कं ठाऊक, बखर नंतर ऐकून-जोडून लिहिलेली आणि पत्र त्याच काळातलं, हे परीक्षेला लिहून आलेली पोरगी. मी म्हटलं, "तू स्वतःची बखर लिहायलीस बघ. एक तरी अस्सल कागद दाखव की." आधी हसली, मग रडायला लागली ती बराच वेळ, मी मधे बोलले नाही. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलची समजूतच माणसाला जास्त छळते असं मी पहिल्यापासून मानते, पण ती समजूत ज्याच्या त्याच्या विषयाच्या भाषेत तपासायला दिली की गाठ किती लवकर सुटते हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचा आनंद मला अजून आहे.

पुढच्या खेपेला तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. आज्ज्याच्या ट्रंकेतला कागद, घडीवर फाटलेला, आडव्या रेघा आधी ओढून घेतलेल्या आणि त्यांना अक्षरं लटकवल्यासारखी. मोडी, म्हणजे जुनं मराठी लिहायची लिपी! नेटवरून तक्ता काढून रात्रभर बसली आणि गावाचं नाव तेवढं लागलं. त्या रात्रीही झोप नव्हतीच, पण चेहरा वेगळा होता.

घरात मराठी, शाळेत कन्नड, याचीच तिला लाज वाटायची. मी म्हटलं, अगं, आपला बेळगाव जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात, त्यामुळं जुनी कागदपत्रं मुंबई-पुण्याकडं, कोल्हापूर संस्थानची कोल्हापुरात, आणि इकडं धारवाड-बंगळूरलाही. दोन्हीकडचं वाचू शकणारं पोर सीमेवरच मिळणार, पुण्यात नाही!

तर पोरांनो, जाहिरातीची वाट बघू नका, या विषयात पुष्कळदा विचारल्यावरच जागा तयार होते. आधी मोडी शिका. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, कोल्हापूरचं पुराभिलेखागार (जुने सरकारी कागद ठेवतात ते), धारवाडची कन्नड संशोधन संस्था, कित्तूरचं संग्रहालय, यांना दहा ओळींचं पत्र लिहा, आणि त्यात 'संधी द्या' नको, तर मी मे महिन्यात दोन आठवडे मोकळी आहे, मोडी थोडी लागते, कन्नड येतं, यादीचं काम करीन, असं सरळ लिहा. सोबत तुमच्या प्राध्यापकांचं पत्र आणि कॉलेजचं ओळखपत्र. पैसे बहुतेक मिळत नाहीत, एसटीचं आणि जेवणाचं गणित घरी आधी बोला, सर्टिफिकेटचं आधीच विचारून घ्या. आणि घरबसल्या सुरुवात करायची तर 1884 चं बेळगावचं गॅझेटियर नेटवर फुकट आहे, राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळही आहे, आपल्या गावाचं नाव टाकून बघा.

तिनं पाच ठिकाणी लिहिलं. तीन गप्प, एकाचा नकार, एकाचं "या". आता तिच्याकडं दोन अस्सल कागद होते! मे महिन्यात दोन आठवडे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे, मऊ पेन्सिलीनं नंबर घालायचे, तारीख-गाव-विषय वहीत उतरवायचं. वडील एक दिवस डबा द्यायला गेले आणि तासभर बघतच बसले म्हणे.

मागच्या आठवड्यात निपाणीचा एक जण आला, त्याचं वेगळंच, "आमच्या घरी कागदच नाहीत मॅडम, आजी तंबाखूच्या वखारीत होती." मी विचारलं, 1981 चं निपाणीतलं तंबाखूच्या भावासाठीचं शेतकऱ्यांचं आंदोलन तिनं बघितलंय काय? म्हणाला, तेच तर सारखं सांगत असते. आजीचं वय विचारलं तर ऐंशीच्या पुढं. म्हटलं, मग इथं बसू नकोस, आज रात्रीच मोबाईल तिच्यासमोर ठेव आणि रेकॉर्डिंग चालू कर.