ब्रिस्टलचा नकाशा उघडून बस

सप्रेम नमस्कार,

तुझ्या पत्रातली तक्रार एवढीच, की हे इंडी पॉप, म्हणजे छोट्या स्वतंत्र लेबलांवरचं ब्रिटिश गिटार-संगीत, जिथं घडलं तिथून आपण फार लांब आहोत. अंतर खरंच आहे. पण ज्या सारा रेकॉर्ड्सचं नाव तू तीनदा लिहिलं आहेस, त्या लेबलची, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीची, यादी नीट बघ. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स यांनी १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ते सुरू केलं. दोघंही आधी फॅन्झिन काढायचे, म्हणजे आपल्याकडच्या अनियतकालिकांसारखा घरगुती, झेरॉक्सचा मामला. त्यांच्या यादीतल्या बँडांत सिडनीचं इव्हन ॲज वी स्पीक आहे, मेलबर्नचं शुगरग्लायडर्स आहे, न्यूयॉर्कचं ईस्ट रिव्हर पाइप आहे. इतक्या लांबची मंडळी टपालाच्या भरवशावर त्या घरातली झाली. तेव्हा लांब असण्याचं दुःख जरा बाजूला ठेव, कामाचं बोलू.

आधी ऐकण्याची पद्धत बदल. गाण्यांचं ॲप तुला साराच्या फील्ड माइस या बँडची तीच दोन-तीन हळवी गाणी पुन्हा पुन्हा देणार आणि तुझा समज होणार की इंडी पॉप म्हणजे पावसाळी खिडकी. त्याऐवजी क्रमांकानं जा. साराची मुख्य यादी १ ते १०० आहे. शंभरावा क्रमांक १९९५ मध्ये काढून त्यांनी ठरवून दुकान बंद केलं. आठवड्याला पाच सिंगल, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकड्या, घे आणि दोन्ही बाजू ऐक. चांगलं गाणं मागच्या बाजूला दडलेलं असणं या मंडळींत नेहमीचं. मध्येच बॉयरेसरचा कर्कश गिटार येईल, सीक्रेट शाइनचा धुरकट आवाज येईल, आणि 'हळवं' हा शिक्का किती अपुरा आहे ते कळेल. क्रमांक ऐकताना खंड पडला तर गोंधळू नकोस. ५० क्रमांकाची तबकडी सापडणार नाही, कारण तो चक्क बैठा खेळ होता.

त्यांच्या संकलनांची नावं घेऊन ब्रिस्टलचा नकाशा उघड. एअर बलून रोड, जेल फेरी ब्रिज ही शहरातली खरी ठिकाणं. टेम्पल क्लाउड हे दक्षिणेकडचं गाव. शेवटच्या संकलनाचं नाव 'देअर अँड बॅक अगेन लेन', आणि ती गल्लीही खरोखर आहे, पलीकडे न निघणारी. गावाबद्दलचं हे प्रेम समजलं की लंडनकडे न बघता काम करण्याचा त्यांचा हट्टही समजतो.

थेट रेडिओ ऐकायचा असेल तर घड्याळ सांभाळ. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटन आपल्या साडेचार तास मागं असतं, एरवी साडेपाच. तिकडचा रात्री आठचा कार्यक्रम आपल्याकडे साडेबारा किंवा दीड वाजता. घड्याळ बदलतं त्या आठवड्यात हमखास तासभर चुकतं.

विकत घेताना आधी बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरची डिजिटल प्रत घे. फ्लॅक या, आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात उतरवून घे, एमपी३ नंतर कधीही करता येतं, उलटं नाही. एरवी बँडकॅम्प डिजिटल विक्रीतला साधारण १५ टक्के हिस्सा ठेवतं. काही ठरावीक शुक्रवारी तो हिस्सा सोडतं, त्या दिवशी घे. तो दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानं मोजतात, म्हणजे त्यांच्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा ते शनिवारी दुपारी साडेबारा. पैसे भरताना व्यवहार नाकारला गेला तर बहुधा कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतो. बँकेच्या ॲपमध्ये तो आपणच चालू करावा लागतो.

तबकडी मागवायची तर हिशेब आधी कर. आयात शुल्क नुसत्या किमतीवर लागत नाही, टपालखर्च धरून लागतं. त्यामुळे एकच सात इंची सिंगल मागवणं जवळजवळ नेहमी आतबट्ट्याचं. तिघं-चौघं मिळून एका दुकानाकडून मागवा. विक्रेत्याला लिही की तबकडी पाकिटातून बाहेर काढून, मागं वेगळी ठेवून बांधा. आतच राहिली तर प्रवासात आपटून पाकिटाची शिवण फाटते. घरी आल्यावर उभी ठेव, आडवी रचू नकोस. उन्हात, बंद गाडीत पाच मिनिटंही नको. खरा शत्रू मात्र आपला पावसाळा: कागदी आतल्या पाकिटाला बुरशी धरते आणि ती खोबणीत उतरते. जूनच्या आधी प्लास्टिकचं अस्तर असलेली पाकिटं घाल, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढ.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नुसतं गोळा करत बसू नकोस, स्वतःचं अनियतकालिक काढ. मराठीतच काढ, इथल्या वाचकाला या बँडांबद्दल मराठीत फारसं काही मिळत नाही. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. पानांची संख्या चारच्या पटीतच हवी. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका अंगाला डावीकडे १६ आणि उजवीकडे १, पाठीमागं २ आणि १५. पुढच्या कागदावर १४ आणि ३, मागं ४ आणि १३. असंच आत जायचं. कागदाच्या एकाच अंगावरच्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज कायम १७ आली पाहिजे. पाठपोट छापताना कागद आखूड बाजूनं उलटायला सांग, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. चारी बाजूंनी बोटभर समास सोड, झेरॉक्सचं यंत्र कडा खातं. फोटो काळे पडतात, म्हणून आधी थोडे फिके कर.

बँडला पत्र लिहायचं तर आठ ओळींत लिही. एका गाण्याबद्दल नेमकं काही, आणि एकच प्रश्न. 'ट्वी', म्हणजे लाडिक, गोडगोड, हा या संगीताला लावला जाणारा शब्द जपून वापर. तो बाहेरच्यांनी हिणवण्यासाठी बराच वापरला, काहींनी अभिमानानं उचलला, काहींना अजून खुपतो.

पहिला अंक निघाला की एक प्रत इकडे पाठव. पिन मारण्याआधी पानं मात्र मोज.

तुझा हितचिंतक