खेड्यातल्या कुंभारकामावरून सिरॅमिक शिल्पं करायची आहेत. इलेक्ट्रिक चाक कोणतं घ्यावं?

कोणतंच नको. ते पैसे माती आणि सरपणावर घाला.

'कुंभारकाम म्हणजे चाक, तिथूनच सुरुवात करतो' असं तुम्ही लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलो. मी तापीकाठच्या कुंभाराच्या घरचा. आमच्याकडे बायांनी चाकाला हात लावायचा नाही, त्यामुळे चाक वडिलांचं. पण चाकावरून उतरतं ते जाड, बुडाला बेढब भांडं. ते जरा सुकलं की आई घेऊन बसायची. आतून दगडी गोळा, बाहेरून लाकडी थापी, दोन्हींना राख, नाहीतर माती चिकटते. थापता थापता घागर डोळ्यांदेखत फुगायची, अंग पातळ व्हायचं, बूड गोल यायचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी तर दिवसभर तोच आवाज.

कॉलेजात मी अशीच थापून केलेली पोकळ शिल्पं मांडली, थापीचे वण मुद्दाम तसेच ठेवून. परीक्षक म्हणाले, "फिनिशिंग राहिलंय. आणि थापणं हे मदतनिसाचं काम, खरं कौशल्य चाकावर." म्हणजे प्रेरणा म्हणून खापर, मांडे भाजायचं ते मातीचं भांडं, चालतं, ते थापणारी चालत नाही! आईनं तीच शिल्पं बघून विचारलं, "याच्यावर मांडे व्हतीन का रे?" हा प्रश्न जास्त कामाचा होता, कारण त्या मातीत घोड्याची लीद नव्हती. भाजताना लीद जळून जाते, बारीक छिद्रं राहतात, म्हणून खापर चुलीवर तडकत नाही. शिल्पाला ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, उपयोगी पडतो; तो जळत नाही, पण तडे टाळतो. घालताना हात आखडू नका.

गावची लाल माती स्टोनवेअरच्या भट्टीत मात्र टाकू नका. आवा, म्हणजे कुंभाराची उघडी भट्टी, साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसची, स्टोनवेअर १२०० च्या वर. तिथं ती लोहाची माती खचते, वितळते आणि भट्टीच्या फळीला चिकटते.

ब्रह्मदेव पंडितांचं उदाहरण कुणीतरी देईलच. कुंभाराच्या घरातले, चाकावरचे उस्ताद, २०१३ ची पद्मश्री. मान्य. पण त्यांचं काम मुख्यतः भांड्याचं, तुम्हाला शिल्प करायचंय. हां, कप-बश्या विकून खर्च भागवायचा असेल तर घ्या चाक, मी अडवत नाही.

थापणं मात्र गावातल्या एखाद्या बाईकडूनच शिका. तिची रोजंदारी द्या आणि प्रदर्शनाच्या पाटीवर तिचं नाव तुमच्या नावाशेजारी लिहा. नुसतं 'प्रेरणा : ग्रामीण कुंभारकला' असं दिसलं तर मी तिथं येऊन भांडेन.